दाजी, ब्रेक कुठं बसवायचा?

दाजी, तुमचं सगळं दिवसकार्य आटोपलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि त्या दुपारी मी तुमच्या गाडीघराखाली, जीपच्या मागं लावायच्या त्या पत्र्याच्या खोलीखाली, उताणा पडून राहिलो. पाठीखाली सिमेंटचं रिकामं पोतं, हातात बॅटरी, डोळ्यांत गंजाचा चुरा. अक्का दारातून दोनदा ओरडली, "आरं शिवा, काय शोधायलास तिथं? बाहीर ये की. च्या निवायलाय." काय शोधतोय ते मला सांगता येईना. तुम्ही असता तर म्हणाला असता, मास्तरांचा डोळा लागला असंल, उठवू नका.

मी भोकं बघत होतो. चासीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीच्या, दोन्ही अंगांना स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर बसवायची भोकं आहेत, ती मला माहीत होती. पण त्यांच्या शेजारी, वीतभर आतल्या बाजूला, आणखी भोकं पाडलेली दिसली. ती रबरी एक्सलच्या पट्टीची. तिची मापं मीच तुमच्या फोनवर पाठवली होती, म्हणून लगेच ओळखली. पाट्यांची आणि रबराची, दोन्ही भोकं खुणा करून, नीट मापात पाडलेली. दोन्हींच्या कडा कानशीनं घासलेल्या. म्हणजे चुकून पडलेली नाहीत.

मग तुम्ही ठरवलं तरी काय होतं?

तुम्ही गेल्यापासून माझं असंच चाललंय. रडू यायच्या जागी प्रश्न येतो. लोक भेटायला येत होते, खांद्यावर हात ठेवत होते, "लई भला माणूस गेला" म्हणत होते. मी मान हलवत होतो आणि मनात विचार करत होतो की ब्रेकच्या पाइपाला वाट कुठून ठेवली असेल. स्मशानातून परततानाही तेच. माझी मलाच लाज वाटली. मग वाटलं, तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही गडगडून हसला असता. मग पुन्हा लाज वाटली. नक्की काय वाटायला पाहिजे होतं, ते अजूनही कळलेलं नाही.

तुम्ही उभं आयुष्य ट्रक चालवलात. सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, हैदराबाद, आणि माल असेल तर त्याच्याही पुढं. नळदुर्गच्या स्वतःच्या घरात तुम्ही पाहुण्यासारखे यायचात. आंघोळ, जेवण, झोप, पुन्हा गाडी. अक्का तुमचा डबा बांधायची आणि फाटकापाशी उभी राहायची. ट्रक विकून टाकल्यावर तुम्ही घरात असे फिरत होतात की जणू भाड्याची खोली बघायला आलाय. कपाट कुठलं, चमचे कुठं, सगळं अक्काला विचारायचात.

आणि मग एका रविवारी मी उमरग्याहून आलो तर तुम्ही अंगणात खडूनं मोठा चौकोन आखून बसला होतात. चौकोनात एक बिछाना आखलेला, एक कपाट, मागच्या बाजूला शेगडी.

"हे काय दाजी?"

"घर," तुम्ही म्हणालात. "जीपच्या मागं लावायचं. आजपर्यंत घर सोडून फिरलो मास्तर, आता घर घेऊन फिरायचं."

अक्का ज्वारी निवडत होती. सुपावरची नजर न काढता म्हणाली, "घर सोडून घरात झोपाया कशाला जायाचं?"

"तुला दाखवायला."

"काय दाखवायला?"

तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला समुद्र दाखवायचा नव्हता, की देवळं नाहीत. तुम्ही म्हणालात, "ज्या ज्या जागी म्या ट्रक लावून झोपलो, त्या जागा. हुमनाबादच्या पुढं एक तळं हाय. जहिराबादजवळ चिंचंची झाडं हायत. तिथं झोपताना दर वेळी वाटायचं, हिला एकदा आणायला पायजे."

अक्का उठली. सूप घेऊन आत गेली. आतून म्हणाली, "मला कुटं जायाचं न्हाय."

तरी तुम्ही कामाला लागलात. सलीमभाईच्या वर्कशॉपला तुमचं जाणं-येणं जुनंच. तुमच्या ट्रकचं वेल्डिंग त्यानंच आयुष्यभर केलेलं, तो तुम्हाला उस्ताद म्हणायचा. त्याच्याकडं चौकोनी नळ्यांची चासी उभी राहिली, तिच्यावर सांगाडा, सांगाड्यावर प्लायवूड आणि पत्रा. मी विज्ञानाचा मास्तर, त्यामुळं मलाही राहवेना. दर रविवारी सकाळची गाडी धरून मी नळदुर्गला यायला लागलो. बायको म्हणायची, "तुम्ही बहिणीला भेटायला जाता का पत्र्याला?" मी म्हणायचो, बहिणीला. ते पूर्ण खोटं नव्हतं.

आणि मग आपलं वाजलं. पहिलं पाट्यांवरून.

तुमचं म्हणणं साधं होतं. ट्रकला असतात तसे कमानीसारखे लोखंडी पाटे, एकावर एक रचलेले. आयुष्यभर त्यांच्यावरच बसून फिरलेला माणूस दुसरं काय म्हणणार? माझं म्हणणं, एवढ्याशा ओझ्याला पाटे कडक पडतील, आतलं सगळं खिळखिळं होईल. मी फोनवर तुम्हाला रबरी एक्सल दाखवला. पोलादी नळीच्या आत रबराचे दांडे दाबून बसवलेले. खड्ड्यात चाक वर गेलं की रबर पिळलं जातं आणि धक्का गिळून टाकतं. तेल घालायला नको, करकर नको, जागाही कमी लागते. तुम्ही चष्मा लावून नीट बघितलंत. मला वाटलं, पटलं.

"लई भारी हाय," तुम्ही म्हणालात. "आता मला सांगा, ह्ये जहिराबादच्या पुढं मोडलं तर?"

"ते सहसा मोडत नाही, दाजी."

"मोडलं तर म्हणतोय."

"पुण्याहून मागवावं लागेल."

"पाटा मोडला तर?"

 पाटा कुठल्याही ढाब्याच्या शेजारी मिळतो, हे मलाही माहीत होतं. तुम्ही सलीमभाईकडं बघून डोळा मारलात. मला एवढा राग आला की मी जेवायला थांबलो नाही.

पुढच्या रविवारी तुम्ही एका जुन्या पिकअपचे पाटे लावून तयार होतात. म्हणालात, भांडण नको, परीक्षा घेऊ. ढाब्यावरून अंड्यांचा ट्रे आणलात, गाडीघराच्या फरशीवर ठेवून दोरीनं बांधलात, आणि मला शेजारी बसवून शेताच्या वाटेनं जीप नेलीत. परत येऊन दार उघडलं तर आत पिवळा चिखल. मी फक्त तुमच्याकडं बघितलं.

"दोरी सैल बांधली होती," तुम्ही म्हणालात.

"कुणी?"

"मीच बांधली. म्हणून सांगतोय."

जी अंडी शाबूत राहिली होती त्यांची अक्कानं पोळी केली, आणि अंगणात बसून खाताना तुम्ही पाट्यांमधला एक पाटा कमी करायचं कबूल केलंत. मग आणखी एक कमी केलात. मग इतके कमी केलेत की एका खड्ड्यात एक्सलच चासीवर जाऊन आदळला आणि आपण दोघंही सीटवरून उडालो. त्यावर तुम्ही एक पाटा परत घातलात. मी म्हणालो, शॉकअप लावू या दोन्हीकडं. तुम्ही म्हणालात, बघू. तुमचं "बघू" म्हणजे हो होतं की नाही होतं, हे मला कधीच कळलं नाही. आता तर विचारायचीही सोय नाही.

पण पाटे हा खेळ होता. खरी गोष्ट ब्रेकची.

गाडीघराला आपण ब्रेक लावलेलाच नव्हता. जीपला आहे की, असं तुम्ही म्हणालात, आणि मीही म्हणालो की आधी ओढून तर बघू. नळदुर्गच्या अलीकडं जुन्या हायवेचा जो तुकडा आता वापरात नाही, बोरी नदीकडं उतरत जाणारा, तिथं आपण गेलो. गाडीघरात रेतीची पोती भरली होती, सामानाच्या वजनाएवढी. ऊन चांगलं तापलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

उताराला लागल्यावर तुम्ही ब्रेक दाबलात. जीप हळू झाली, पण मागचं घर झालं नाही. त्यानं आपल्याला ढकललं. मी आरशात बघितलं तर घर एकदा डावीकडं दिसलं, एकदा उजवीकडं, आणि मग जीपचाच मागचा भाग हलायला लागला. माझ्या तोंडून काय निघालं ते मला आठवत नाही. तुम्ही मात्र ब्रेकवरून पाय काढलात, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलंत, आणि गाडीला उतरू दिलंत.  खाली पुलाच्या पुढं चढ लागला तशी गाडी आपसूक मंदावली आणि कडेला थांबली.

तुम्ही चावी फिरवून गाडी बंद केलीत. इंजिन टिकटिक करत होतं.

"मास्तर," तुम्ही म्हणालात, "ट्रकमधी सगळं ओझं आपल्या बुडाखाली असतंय. ह्ये मागून आलं."

एवढंच बोललात. तुमचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मी त्या आवाजाबद्दल पुन्हा पुन्हा विचार करतो. तुम्ही घाबरला होतात का? उभ्या आयुष्यात रस्त्यावर काय काय बघितलेला माणूस, एका रिकाम्या उतारावर पत्र्याच्या खोलीला घाबरला? का तुम्हाला वाटलं की या फेरीला अक्का शेजारी असती तर? मी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. येताना आपण भजी खाल्ली आणि मॅचवर बोललो.

ब्रेक पाहिजे, यावर आता दुमत नव्हतं. पण कुठला, यावर सगळं अडलं.

मला पाहिजे होता धक्क्याचा ब्रेक. आपणच त्याला ते नाव दिलं होतं. जीप हळू झाली की घर पुढं सरकतं, दोघांमधल्या जोडाला धक्का बसतो, आणि त्याच धक्क्यानं घराच्या चाकांचे ब्रेक दाबले जातात. जेवढं जास्त ढकलेल तेवढं जास्त थांबेल. जीपकडून वायर नको, पाइप नको, ड्रायव्हरला काही करायला नको. मला ही कल्पना फार सुंदर वाटली होती, वर्गात फळ्यावर काढून दाखवावी अशी.

तुम्हाला ती अजिबात आवडली नाही. "ड्रायव्हरला काही करायला नको म्हणजे काय? ब्रेक माझ्या पायात पायजे. ते घर स्वतःच्या मनानं थांबणार आन् म्या नुसता बघणार?" आणि मग लगेच नेमकं बोट ठेवलंत, "घाटात काय? तुळजापूरचा घाट उतरायला लागलं की ते सारखंच ढकलत राहणार. म्हणजे ब्रेक सारखाच घासत राहणार. चाकातला ड्रम तापून लाल व्हायचा. आन् रिव्हर्स घेताना? मागं ढकलायला गेलो की ब्रेकच लागायचा."

रिव्हर्सचं उत्तर माझ्याकडं होतं, मागं घेताना जोड सरकू न देणारी एक खिट्टी बसवायची. घाटाचं नव्हतं.

तुमचं म्हणणं, जीपच्याच ब्रेकचा पाइप मागं न्यायचा. एक पाय दाबला की दोन्ही गाड्या थांबल्या पाहिजेत. मी म्हणालो, "दाजी, जोडापाशी पाइप तुटला की तेल सांडणार, मग घराचाही ब्रेक गेला आणि जीपचाही." तुम्ही म्हणालात, "पाइप तुटायला तो काय दोरा हाय का?" मी म्हणालो, अंड्यांच्या दोरीसारखा असेल तर? तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. त्या दिवशी जेवायला तुम्ही थांबला नाहीत, तुमच्याच घरात. उठून सलीमभाईकडं निघून गेलात. अक्का मला म्हणाली, "तुमी दोगं काय करायलाव मला काय कळंना. त्या डब्यात मी बसणार न्हाय, मग भांडता कशाला?"

मला आता वाटतं, आपण ब्रेकवर भांडतच नव्हतो. मग वाटतं, नाही, ब्रेकवरच भांडत होतो, आणि तेच बरं होतं. बाकी कशावर आपण दोघं एवढं बोललो होतो? लग्नापासून आपलं बोलणं म्हणजे काय दाजी, बरं हाय का, आणि काय मास्तर, पोरं पास झाली का. या पत्र्याच्या खोलीनं मला एक माणूस दिला, आणि तो दिल्या दिल्या नेला. उपकार मानू का तक्रार करू, ठरत नाही.

मग तुमचा फोन आला. मी वर्गात होतो, मधल्या सुट्टीत उलट फोन केला.

"मास्तर, ठरलं," तुम्ही म्हणालात.

"काय ठरलं?"

"ब्रेकचं. पाट्याचं बी. सगळंच ठरलं."

"सांगा तरी."

"फोनवर न्हाय सांगत. रविवारी या, दाखवतो." आणि हसलात. मागं सलीमभाईच्या ग्राइंडरचा आवाज येत होता.

रविवार उजाडायच्या आधीच अक्काचा फोन आला. सकाळी चहा पिऊन तुम्ही पलंगावर बसलात, पायात चप्पल घालायला वाकलात, आणि वर आलाच नाहीत. बाकी सगळं लोकांनी मला सांगितलंय, मला ते इथं लिहायचं नाही.

मला विचारायचंय की काय ठरलं होतं.

मी सलीमभाईला विचारलं. तो आधी गॉगल पुसत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, मला एवढंच सांगितलं. उस्ताद बोले, दोनों के होल मार को रख. एक मेरा, एक मास्तर का."

"आणि लावायचं कुठलं?"

"वो नहीं बोले."

"ब्रेकचं काय बोलले?"

"बोले, मास्तर को आने दे."

मी अक्काला विचारलं. ती म्हणाली, "मला म्हणले, ह्या खेपंला शिवाचंच ऐकणार हाय, पण त्याला आधी सांगू नको, फुगंल." मी सचिनला विचारलं. तुमचा लेक पुण्याहून आला होता, डोळे सुजलेले. तो म्हणाला, "मामा, मला तर पप्पा म्हणाले होते की ते सगळं बंद करून विकून टाकणार. आईला नकोच आहे ते, मग कशाला."

आता सांगा, मी काय समजू? तिघंही खरं बोलणारी माणसं. तिघांना तुम्ही तीन गोष्टी सांगितल्यात. का प्रत्येकाला जे ऐकायचं होतं तेच त्यानं ऐकलं? मला काय ऐकायचं होतं, दाजी? मला ऐकायचं होतं की मी जिंकलो. आणि अक्कानं ते सांगितल्यावर आनंद काही झाला नाही. तुम्ही माझं ऐकणार असाल तर कशासाठी ऐकणार होतात? पटलं म्हणून? का थकला होतात म्हणून?

तेवढ्यात तुळजापूरचा एक वडापाववाला येऊन गाडीघर बघून गेला. त्याला मागची शेगडीची जागा फार पसंत पडली. देवीच्या वाटेवर उभं करीन, म्हणाला. सचिन म्हणाला, देऊन टाकू, निदान कामाला येईल. मला त्याचं चुकीचं वाटलं नाही. भोकं पाडायला एक्सल-चाकं काढून विटांच्या थप्पीवर चढवलेलं घर रोज बघत बसणं अक्काला किती जड जात असेल, असंच मला वाटत होतं. बाहेर बसून आम्ही हे बोलत होतो आणि अक्का आत भांडी घासत होती. ती हात पुसत बाहेर आली.

"त्याला न्हाय म्हणून सांगा," ती म्हणाली.

"आई, तुला तर ते नको होतं," सचिन म्हणाला.

"नको होतं की."

"मग?"

"मग काय. पुरं करा. चाकं लावा त्याला." ती माझ्याकडं वळली. "किती दिवस त्याच्याखाली झोपणार हायस?"

सचिन माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं. दोघांनाही कळलं नाही. पण तुमच्या घरात अक्कानं आवाज असा लावला की पुढं कुणी बोलत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

म्हणून मग तुमच्याशिवाय ठरवायची वेळ आली. मी अक्काला अंगणात बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं, पाटे, रबर, धक्का, पाइप. ती लक्ष देऊन ऐकत होती. मला वाटलं होतं, कंटाळेल.

"वाटंत मोडलं तर कुटलं दुरुस्त हुतंय?" तिनं विचारलं.

"पाटे."

"मग पाटे लाव."

"पण धक्के बसतील."

"ते तुझं शॉकअप का काय, ते बी लाव. तू म्हणला होतास न्हवं?"

"हो."

"आन् ब्रेक?"

मी दोन्ही बाजू सांगितल्या. तुमची बाजू मी माझ्यापेक्षा चांगली मांडली असेन, कारण मला सारखं वाटत होतं की तुम्ही भिंतीला टेकून ऐकताय. पाइप तुटला तर जीपचाही ब्रेक जाईल, हे सांगितलं. धक्क्याचा घाटात तापेल, हेही सांगितलं.

"तापलं तर काय हुतंय?"

"तापला की धरत नाही."

"मग थांबायचं की. सावलीत लावायची गाडी, निवू द्यायची, मग निघायचं. आपल्याला कुटं माल पोचवायचाय?"

दाजी, आपण एवढे रविवार भांडलो. हे तुम्हाला सुचलं नाही, मला सुचलं नाही. तुम्हाला का सुचलं नाही ते मला कळतं. आयुष्यभर तुमच्या मागं माल होता आणि पुढं वेळ. थांबणं तुमच्या हिशेबातच नव्हतं. मला का सुचलं नाही ते कळत नाही.

सलीमभाईनं धक्क्याचा ब्रेक बनवला. जोडाच्या मागं सरकणारी नळी, तिच्या टोकाला ब्रेकचं तेल दाबणारा मास्टर सिलिंडर, दोन्ही चाकांना एका जुन्या व्हॅनचे ड्रम. रिव्हर्ससाठी खिट्टी. घर उभं करताना लावायला वेगळा हँडब्रेक, आणि जोड सुटलाच तर घर पळून जाऊ नये म्हणून साखळी. पाटे तुम्ही शेवटी ठरवले होते तेवढेच ठेवले. माझी रबराची भोकं तशीच रिकामी राहिली. सलीमभाई म्हणाला, बंद करून टाकू का, पाणी शिरेल. मी म्हणालो, टाक. त्यानं त्यावर टिकल्या वेल्ड केल्या आणि रंग मारला. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. हे बरं झालं का वाईट, माहीत नाही.

काल आम्ही ते पहिल्यांदा ओढलं. आरटीओचं पासिंग अजून व्हायचंय, त्यामुळं मोठ्या रस्त्यावर नेता येत नाही. तोच जुना हायवेचा तुकडा. जीप मी चालवत होतो, सलीमभाई मागच्या सीटवर. आणि निघताना अक्का डोक्यावर पदर घेऊन फाटकातून बाहेर आली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. हातात पाण्याची बाटली.

"अक्का, तू कशाला? आधी आम्ही बघून येतो."

"चल," ती म्हणाली.

आम्ही उताराला लागलो. मी ब्रेकवर पाय ठेवला. मागून ढकललं, पण आता ते हलकं होतं. जोडातून एक खट् असा आवाज आला, आणि मग मागचं घर धरल्यासारखं मागं राहिलं. आरशात ते सरळ होतं, एका रेषेत. मी पुन्हा सोडलं, पुन्हा दाबलं. पुन्हा खट्. पुलापर्यंत असंच आलो. सलीमभाई मागून म्हणाला, "पकड्या! पकड्या मास्तर!" मी खाली उतरून ड्रमला हात लावून बघितला. गरम होता. एवढ्याशा उताराला एवढा गरम. म्हणजे घाटाबद्दल तुमचं बरोबर होतं. मला तुम्हाला ते सांगायचं होतं, त्याच क्षणी, आणि मी खिशातून फोन काढलाही. मग तसाच धरून उभा राहिलो.

तेवढ्यात जीपचं दार उघडल्याचा आवाज आला. अक्का उतरली, रस्त्याच्या कडेच्या बाभळीला हात टेकून वाकली, आणि सकाळचं सगळं खाल्लेलं ओकली.

मी धावलो. सलीमभाई गोंधळून तोंड फिरवून उभा राहिला. मी तिची पाठ चोळायला लागलो. "अक्का, काय होतंय? दवाखान्यात जाऊ या का? छातीत दुखतंय का?"

तिनं हात हलवून नाही म्हटलं. चूळ भरली, तोंड धुतलं, पदरानं पुसलं.

"काय न्हाय झालं. मला गाडी लागती."

"कधीपासून?"

"पयल्यापासनं. लग्नाच्या वरातीत बी लागली हुती. सासूबाई म्हणल्या, ड्रायव्हरची बायको आन् गाडी लागती, कुणाला सांगू नगं, हसतील. न्हाय सांगितलं."

"दाजींना पण नाही?"

ती दगडावर बसली. बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"त्यांस्नी सांगितलं असतं तर त्यांनी मला न्यायचं मनातनं काढून टाकलं असतं," ती म्हणाली. "नुसतं नको म्हणलं की माणूस परत विचारतंय. त्यांनी दर खेपंला विचारलं."

दाजी, तुम्हाला माहीत होतं का? एवढी वर्षं, दर खेपेला "येतीस का" म्हणून विचारत होतात, ते काही माहीत नसताना, का सगळं माहीत असून? मी तिचा सख्खा भाऊ, मलाच माहीत नव्हतं. तुम्हाला विचारायच्या प्रश्नांत हा आणखी एक वाढला, आणि हा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. 

"चल, परत फिरू," मी म्हणालो. "घरी जाऊन पड तू."

"परत कशाला?" अक्का उठली, लुगडं झटकलं आणि जीपमध्ये जाऊन बसली. खिडकीची काच पूर्ण खाली केली. "वर ने, आन् आनिक एकदा उतारावरनं घे. सवय व्हायला पायजे."

दाजी, काल ऊन उतरेपर्यंत आम्ही तो उतार उतरत होतो.